पूर्ण कवळी बनवायला शिकताना: पहिल्या मापापासून पहिल्या घासापर्यंत

सगळे दात गेलेल्या माणसाला कवळी करून देणं वरवर सोपं वाटतं. इंजेक्शन नाही, रक्त नाही, ड्रिल नाही. म्हणूनच कॉलेजच्या ओपीडीत ते कोटा पूर्ण करण्याचं काम होऊन बसतं. प्रत्यक्षात इतक्या पायऱ्यांचं, आणि प्रत्येक पायरीवरची चूक पुढच्या पायरीत गाडली जाणारं काम दंतवैद्यकात क्वचितच असेल. ट्रेची (माप घ्यायच्या साच्याची) कड 3 मिमी लांब राहिली तर ती मॉडेलवर (मापात ओतलेल्या जबड्याच्या प्रतिकृतीवर) कळत नाही आणि ट्राय-इनला (मेणात लावलेले दात तोंडात घालून बघताना) अर्धवटच जाणवते. कवळी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी मात्र ती हिरडीवरच्या जखमेत दिसते, आणि तोवर दोष लॅबवर ढकलून झालेला असतो.

हा लेख बीडीएसचे विद्यार्थी, इंटर्न आणि नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेले दंतवैद्य यांच्यासाठी आहे. त्यांना शिकवणाऱ्यांनाही तो हाताशी ठेवता येईल. आग्रह एकच: प्रत्येक पायरीची चाचणी घेतल्याशिवाय पुढची पायरी सुरू करायची नाही, आणि चाचणीत काम नापास झालं तर त्याच भेटीत मागे फिरायचं. शिकवणाऱ्यानेही तयार कवळी बघून सही करू नये. सही व्हावी ती स्पेशल ट्रेवर (त्या पेशंटच्या मॉडेलवर बनवलेला ट्रे), बॉर्डर मोल्डिंगवर (ओठ-गाल-जिभेच्या हालचालींनी ट्रेच्या कडेला आकार देणं) आणि जॉ रिलेशनवर (दोन्ही जबड्यांचं एकमेकांशी नातं नोंदवणं).

माप घेण्याआधी

आधी तोंड नीट बघा आणि बोट फिरवा. रिज (दात गेल्यावर उरलेला हाडाचा उंचवटा) उंच आहे की सपाट, हाडाला टोकं आहेत का, वरच्या पुढच्या भागात हिरडी बोटाखाली हलते का, टाळूला मध्ये हाडाचा उंचवटा आहे का, हे सगळं केसपेपरवर लिहा. आपल्याकडे मिश्री, तंबाखू आणि सुपारीचा वापर मोठा. त्यामुळे गालाच्या आतला भाग, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा बघितल्याशिवाय ट्रे हातात घेऊ नका. पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर कवळी थांबेल, तपासणी थांबणार नाही. सबम्युकस फायब्रोसिसमुळे (सुपारीने तोंडाची आतली त्वचा ताठर होण्याचा आजार) तोंड कमी उघडत असेल तर नेहमीचा ट्रे आत जातो की नाही ते याच भेटीत करून बघा.

पेशंट जुनी कवळी वापरत असेल तर फायनल मापाआधी किमान 24 तास ती बाहेर हवी. कवळीखालची हिरडी लाल, सुजलेली असेल तर दोन-तीन दिवस, किंवा कवळीत टिश्यू कंडिशनर (हिरडीला आराम देणारं मऊ अस्तर) लावून सूज उतरेपर्यंत. दबलेल्या हिरडीचं माप घेतलं की त्या दबलेल्या आकाराची कवळी तयार होते, आणि सूज उतरल्यावर ती सैल पडते. दात नुकतेच काढले असतील तर साधारण 6 ते 8 आठवडे थांबावं.

खालचा जबडा अगदी सपाट असेल तर पेशंटला सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. दंतसंशोधक टॉलग्रेन यांनी 1972 साली प्रसिद्ध केलेल्या 25 वर्षांच्या अभ्यासात खालच्या रिजची झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली होती. खालची कवळी वरचीसारखी चिकटून बसत नाही. ती जीभ आणि गाल यांच्या मध्ये तोलून धरावी लागते. खर्च परवडत असेल आणि तब्येत साथ देत असेल तर दोन इम्प्लांटवर (हाडात बसवलेल्या स्क्रूंवर) टेकणाऱ्या खालच्या कवळीचा पर्याय सांगणं हे तुमचं काम आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात 2002 साली झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने खालच्या पूर्ण बोळक्या जबड्यासाठी तोच पहिला पर्याय मानला आहे.

पहिलं माप

इम्प्रेशन कंपाउंड (गरम पाण्यात मऊ होणारं माप घ्यायचं मटेरियल) वापरत असाल तर पाणी 55 ते 60 अंश सेल्सिअस हवं. कंपाउंड उष्णता हळू वाहून नेतो, म्हणजे बाहेरून मऊ झाला तरी आतून कडक राहतो. म्हणून तो पाण्यातून काढून मळा, पुन्हा पाण्यात टाका, पुन्हा मळा. कंपाउंडला भोकं नसलेला ट्रे, अल्जिनेटला (पाण्यात कालवायची माप घ्यायची पावडर) भोकांचा. अंडरकट (माप अडकवणाऱ्या हाडाच्या खाचा) असतील, हिरडी हलती असेल किंवा तोंड कमी उघडत असेल तर अल्जिनेट बरं. अल्जिनेटचं माप धुऊन, निर्जंतुक करून लगेच ओता. ओला कपडा गुंडाळून दुपारपर्यंत बाजूला ठेवलेलं माप आकसलेलं असतं, दिसायला कितीही छान असो.

वरच्या मापात दोन्ही ट्युबरॉसिटी (वरच्या रिजच्या मागच्या टोकाचे उंचवटे) आणि त्यांच्या मागची खाच, खालच्या मापात दोन्ही रेट्रोमोलर पॅड (खालच्या रिजच्या मागच्या टोकाच्या मऊ उशा) पूर्ण आले पाहिजेत. यातलं एकही अर्धवट असेल तर माप पुन्हा घ्या. या भेटीत पाच मिनिटं वाचवली तर पुढे दोन भेटी वाया जातात.

स्पेशल ट्रे

मॉडेलवर सल्कसची (रिज आणि ओठ-गाल यांच्यामधल्या खाचेची) सर्वात खोल रेषा आखा, आणि तिच्यापासून 2 मिमी आत ट्रेची कड ठरवा. मेणाचा स्पेसर (ट्रेखाली मापाच्या मटेरियलसाठी जागा ठेवणारा थर) साधारण 1 मिमी जाडीचा. वरच्या ट्रेत मागच्या सीलच्या (कवळीची मागची कड टाळूला हवाबंद बसते त्या) जागेवर स्पेसर लावू नका, तिथे ट्रे थेट टाळूला भिडायला हवा. स्पेसरमध्ये चार ठिकाणी छोट्या खिडक्या कापून स्टॉप (ट्रे हिरडीला टेकण्याच्या जागा) ठेवा. ट्रे सेल्फ-क्युअर ॲक्रिलिकचा, सुमारे 2 मिमी जाड. ॲक्रिलिक काही तास आकार बदलत राहतं, म्हणून ट्रे शक्यतो आदल्या दिवशी करा.

हँडलकडे विद्यार्थ्यांचं लक्ष नसतं. ते पुढे तिरकं आलं तर ओठ ढकलला जातो आणि पुढच्या सल्कसचं माप चुकतं. ते दातांच्या जागी, दातांच्याच दिशेने उभं असावं.

ट्रे तोंडात घालून ओठ-गाल हलक्या हाताने हलवा. ट्रे उचलला जात असेल तर कड लांब आहे, तिथे घासा. हे न करता ग्रीनस्टिक (कडेला आकार द्यायची, गरम केल्यावर मऊ होणारी कांडी) लावायला घेणं ही ओपीडीत सर्वात जास्त दिसणारी चूक.

बॉर्डर मोल्डिंग

कवळी टिकणार की नाही ते इथे ठरतं. इथे वेळ द्या.

ग्रीनस्टिक ज्योतीवर मऊ करा, पण थेंब गळेपर्यंत नाही. ट्रेच्या कडेला सुमारे 3-4 मिमी रुंदीची पट्टी लावा, पुन्हा हलकी गरम करा, आणि कोमट पाण्यात एकदा बुडवून मगच तोंडात न्या. ज्योतीवरून थेट तोंडात गेलेली ग्रीनस्टिक हिरडी भाजते. असं एकदा झालं की पुढच्या प्रत्येक हालचालीला पेशंट आखडतो. पूर्ण कड एकदम करू नका, तुकड्या-तुकड्याने जा.

वरच्या ट्रेत पुढच्या भागासाठी ओठ वर, बाहेर आणि खाली ओढा. मागच्या भागासाठी गाल बाहेर, खाली आणि आत, मग पुढे-मागे. ट्युबरॉसिटीच्या मागच्या कोपऱ्यात पेशंटला तोंड मोठं उघडायला आणि जबडा डावी-उजवीकडे सरकवायला सांगा. नाही तर तिथली कड जाड राहते आणि पेशंट जांभई देताना कवळी सुटते. टाळूच्या मागच्या रेषेसाठी ‘आऽ’ म्हणायला सांगा. मऊ टाळू जिथून हलतो ती रेषा इंडेलिबल पेन्सिलने टिपून घ्या. ट्रे त्या रेषेपर्यंतच.

खालच्या ट्रेत गालाकडची बाजू करताना मागच्या कोपऱ्यावर बोटं ठेवून पेशंटला त्यांवर दाबून चावायला सांगा. मॅसेटर (गालातला चावण्याचा) स्नायू आकसतो आणि कडेला आपली खूण उमटवतो. जिभेकडच्या बाजूसाठी जीभ बाहेर काढायची, मग डाव्या गालाला, मग उजव्या गालाला लावायची, आणि शेवटी थुंकी गिळायची. जिभेकडची कड वरून पाहिली की इंग्रजी ‘एस’सारखी वळलेली दिसायला हवी. सरळ रेषेत आली तर मायलोहायॉइड (जिभेखालच्या तळाच्या) स्नायूचं काम मापात आलेलंच नाही.

आता कड डोळ्यांनी तपासा. ग्रीनस्टिक गोलसर आणि मॅट दिसली तर तिने ऊतीला स्पर्श केला आहे. चकाकत असेल तर ती हिरडीपर्यंत पोहोचलीच नाही, किंवा आधीच थंड झाली होती. ग्रीनस्टिकमधून ट्रेचं ॲक्रिलिक डोकावत असेल तर तिथे ट्रे लांब आहे. आधी ट्रे घासा, मग पुन्हा मोल्ड करा. नुसती ग्रीनस्टिक खरवडून पुढे जाऊ नका.

चाचणी: वरचा ट्रे हँडलला धरून सरळ खाली ओढा, तो सहज सुटू नये. मग हँडल वर आणि पुढे दाबा. मागून सुटला तर मागचं सील अपुरं आहे. खालच्या ट्रेसाठी पेशंटला जिभेचं टोक खालच्या ओठाला टेकवायला सांगा, ट्रे उचलला जाता कामा नये. नापास झालेला भाग शोधा आणि फक्त तेवढाच पुन्हा करा.

फायनल माप आणि मॉडेल

स्पेसर काढून टाका. झिंक ऑक्साइड युजेनॉल पेस्टच्या दोन नळ्यांतून सारख्या लांबीच्या पट्ट्या काढा. सारखी असायला हवी ती लांबी, वजन नव्हे. एकसंध रंग येईपर्यंत 45 सेकंद ते एक मिनिट मिसळा. पाण्याच्या अंशाने ही पेस्ट लवकर जमते, म्हणून मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हाताशी वेळ कमी उरतो. काचेची स्लॅब कोरडी पुसून घ्या. पेशंटच्या ओठांना व्हॅसलीन लावायला विसरू नका. तोंड कोरडं असेल तर ही पेस्ट हिरडीला चिकटते आणि झोंबते. अशा वेळी, आणि हाडाला मोठे अंडरकट असतील तेव्हा, लाइट बॉडी सिलिकॉन (पातळ रबरी माप घ्यायचं मटेरियल) वापरा.

पुढची हिरडी हलती असेल तर तेवढ्या भागावर ट्रेला खिडकी कापा. बाकीचं माप नेहमीसारखं घ्या आणि ते जागेवर असतानाच खिडकीतून पातळ लाइट बॉडी दाब न देता सोडा.

मापाला बीडिंग आणि बॉक्सिंग करा, म्हणजे कडेभोवती मेणाची पट्टी आणि बाहेरून मेणाची भिंत लावा. मापाची कड मॉडेलवर जशीच्या तशी उतरायला हवी, नाहीतर बॉर्डर मोल्डिंगची मेहनत ट्रिमरवर घासून जाते. डेंटल स्टोन 100 ग्रॅमला सुमारे 30 मिली पाणी, साध्या प्लास्टरला 50 मिलीच्या आसपास. पाणी डोळ्याने अंदाजे घालायची सवय पहिल्या वर्षातच मोडावी.

जॉ रिलेशन

वरच्या मेणाच्या रिमची (दातांच्या जागी बेसवर, म्हणजे हिरडीवर बसणाऱ्या पाटीवर, लावलेल्या मेणाच्या पट्ट्याची) पुढची उंची सल्कसपासून साधारण 22 मिमी, खालच्याची 18 मिमी. या फक्त सुरुवातीच्या संख्या आहेत. वरच्या रिमचा ओठाखाली दिसणारा भाग 1 ते 2 मिमी, वयस्कर पेशंटमध्ये त्याहून कमी. पुढून बघताना रिम दोन्ही बुब्बुळांना जोडणाऱ्या रेषेला समांतर, बाजूने बघताना नाकपुडीची कड आणि कानाचा ट्रॅगस यांना जोडणाऱ्या रेषेला समांतर. फॉक्स प्लेनने (रिमची पातळी बघायच्या पट्टीने) दोन्ही तपासा. खालची रिम मागे रेट्रोमोलर पॅडच्या दोन-तृतीयांश उंचीपर्यंत.

उभं अंतर (चेहऱ्याच्या खालच्या भागाची उंची) मोजताना पेशंटला सरळ बसवा, डोकं हेडरेस्टला टेकवू नका. नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर ठिपका काढा. ‘म्’ म्हणवून घ्या, ओठ सैल होऊ द्या आणि विश्रांतीचं अंतर तीन-चार वेळा मोजा. रिम मिटल्यावरचं अंतर त्याहून 2 ते 4 मिमी कमी भरायला हवं. पट्टीवरच्या एका आकड्यावर विसंबू नका, चेहरा बघा. ओठांचे कोपरे खाली ओघळलेले, हनुवटी नाकाकडे आलेली दिसली तर अंतर कमी आहे. ओठ ओढून मिटावे लागत असतील तर जास्त.

मग बोलण्याची चाचणी. पाठ्यपुस्तकातले इंग्रजी आकडे आजीला म्हणायला लावण्यात अर्थ नाही. मराठीत एकसष्टपासून अडुसष्टपर्यंत मोजायला सांगा. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट: प्रत्येक आकड्यात ‘स’ आहे, आणि मोजताना माणूस नैसर्गिक वेगाने बोलतो. ‘स’ म्हणताना वरची-खालची रिम जवळ यावी पण आपटू नये. खटखट ऐकू आली तर उभं अंतर जास्त आहे. वरच्या पुढच्या दातांची लांबी ठरवताना ‘फ’वर फार भिस्त ठेवू नका, कारण बरीच वयस्कर माणसं ‘फ’ दोन्ही ओठ मिटून उच्चारतात. ‘वावर’, ‘विहीर’ म्हणवून घेताना खालचा ओठ दातांच्या कडेकडे कसा जातो ते बघा. कवळीच्या टाळूची पुढची जाडी तपासायला ‘चमचा’, ‘जहाज’, ‘झाड’ हे शब्द उत्तम. ‘चमचा’तला ‘च’ जिभेचं टोक दातांच्या मागे लावून येतो. तिथे बेस जाड असेल तर उच्चार लगेच बोजड होतो.

सेंट्रिक रिलेशनमध्ये (खालचा जबडा मागे नैसर्गिक जागी असतानाची नोंद) सर्वात जास्त फसगत होते. कित्येक वर्षं पुढच्या चार दातांनी किंवा नुसत्या हिरड्यांनी चावणाऱ्या माणसाला जबडा पुढे आणायची सवय लागलेली असते. ‘चावा’ म्हटलं की तो पुढेच चावतो. म्हणून तो शब्दच टाळा. ‘काकू, जीभ मागे वळवून टाळूला लावा, आणि आता मागच्या बाजूने हळूच मिटा’ असं सांगा. अंगठा हनुवटीवर फक्त दिशा दाखवायला, ढकलायला नाही. तीन वेळा मिटवून तिन्ही वेळा जबडा त्याच जागी येतो का ते बघा, मगच रिममध्ये खाचा करून नोंद पक्की करा. नोंद घेताना बेस मागून उचलला जात नाही ना, रिमच्या टाचा एकमेकींना आधी लागत नाहीत ना, हेही पाहा. तसं झालं तर आर्टिक्युलेटरवर (मॉडेल बसवून जबड्याची हालचाल दाखवणाऱ्या यंत्रावर) सगळं बरोबर दिसेल आणि तोंडात मागचे दात उघडे राहतील.

मध्यरेषा, ओठांच्या कोपऱ्यांच्या रेषा आणि हसताना ओठ जिथवर वर जातो ती रेषा रिमवर आखून ठेवा. फेसबो (वरच्या जबड्याची सांध्याशी जागा नोंदवणारं साधन) आणि सेमी-ॲडजस्टेबल आर्टिक्युलेटर शिकताना वापराच. पुढे प्रॅक्टिसमध्ये साधा आर्टिक्युलेटर वापरावा लागला तरी आपण काय गमावतो आहोत हे तरी कळेल.

दात लावणं आणि ट्राय-इन

वरचे मधले दात इन्सायझिव्ह पॅपिलाच्या (टाळूवरच्या, पुढच्या दातांमागच्या हिरडीच्या गाठीच्या) साधारण 8 ते 10 मिमी पुढे येतात. नवखा विद्यार्थी ते थेट रिजवर लावतो, मग वरचा ओठ आत जातो आणि म्हातारपण वाढल्यासारखं दिसतं. खालचे मागचे दात जिभेच्या बाजूला कलले तर जीभ अडते आणि कवळी उचलते. रेट्रोमोलर पॅडकडे चढणाऱ्या उतारावर दात लावू नका; तिथे दाब आला की खालची कवळी पुढे घसरते. जागा कमी पडत असेल तर एक दात कमी लावा.

ट्राय-इनला घरचं कुणी सोबत असावं. आधी सेंट्रिक पुन्हा तपासा, दिसणं त्यानंतर. मेणात दिसलेली चूक दहा मिनिटांत सुधारते. सेंट्रिक चुकलेलं असेल तर खालचे मागचे दात काढून रिम लावा आणि नोंद नव्याने घ्या. आरसा थोड्या अंतरावरून दाखवा. पेशंटने मंजुरी दिली की ती केसपेपरवर लिहून घ्या.

फ्लास्किंगआधी (मेणाच्या कवळीचा साचा करण्याआधी) मॉडेलवर मागचं सील कोरा. ही रेषा तोंडात तपासून तुम्हीच आखायची, लॅबला अंदाजाने ओढायला सांगायची नाही. मऊ टाळूवर टी-बर्निशरने दाबून ऊती किती दबते ते बघा, खोली साधारण 1 ते 1.5 मिमी, कडांकडे उथळ होत जाणारी.

लॅबमध्ये

ॲक्रिलिकची पावडर आणि मोनोमर (तिचा द्रव) घनफळाने 3:1. मिश्रण वाळूसारखं, मग तार सुटणारं, मग भांड्याला न चिकटणारं होतं. पॅकिंग (साच्यात भरणं) या तिसऱ्या अवस्थेतच. आधी भरलं तर बारीक छिद्रं, उशिरा भरलं तर दात हलतात आणि उभं अंतर वाढतं. क्युअरिंग (गरम पाण्यात कडक करणं) 74 अंशांवर 2 तास आणि मग 100 अंशांवर 1 तास, किंवा 74 अंशांवर रात्रभर. घाईने उकळत्या पाण्यात टाकलं की मोनोमर आतच उकळतो आणि जाड भागात छिद्रं पडतात. फ्लास्क (साच्याचा डबा) आधी हवेत, मग पाण्यात थंड करा. फ्लास्कमधून काढल्यावर लगेच लॅब रिमाउंट (पुन्हा आर्टिक्युलेटरवर चढवून चावा तपासणं). तयार कवळी पेशंटला देण्याआधी एक दिवस पाण्यात ठेवा, म्हणजे उरलेला मोनोमर बराचसा निघून जातो.

कवळी देताना आणि नंतर

आतल्या बाजूवरून बोट फिरवा, ॲक्रिलिकचे बारीक मणी बोटाला लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. मग प्रेशर इंडिकेटिंग पेस्ट (दाबाच्या जागा दाखवणारी), मग कडा, आणि सगळ्यात शेवटी चावा. चावा तोंडात आर्टिक्युलेटिंग पेपरने थेट घासत बसण्यापेक्षा नवीन नोंद घेऊन क्लिनिकल रिमाउंट करणं बरं. हिरडी दबते, कवळी किंचित सरकते, आणि तोंडातला पेपर खोट्या खुणा दाखवतो.

सूचना घरच्या भाषेत द्या. पहिले काही दिवस पेज, मऊ भात, वरणात कुस्करलेली पोळी. भाकरी आणि कच्चा कांदा नंतर. लहान घास, दोन्ही बाजूंनी एकदम चावायचा. पुढच्या दातांनी तोडायचं नाही. वाचन मोठ्याने करायचं. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवायची, गरम पाण्यात कधीच नाही. धुताना खाली पाण्याने भरलेलं भांडं ठेवायचं, हातातून निसटली तरी फुटत नाही.

दुसऱ्या दिवशी बोलवाच, मग आठवड्याने. या दोन भेटी कोट्यात मोजल्या जात नाहीत, पण कवळी इथेच शिकली जाते. तक्रार ऐकताच बर (घासायचं फिरतं हत्यार) हातात घेऊ नका. एका जागी रेषेसारखी जखम असेल तर कड लांब आहे, पेस्टने जागा पक्की करून तेवढीच घासा. रिजच्या माथ्यावर जखम असेल आणि कवळीच्या आत दाबाची खूण सापडत नसेल तर चाव्यात दोष आहे. तिथे आतून घासलं तर कवळी सैल होते आणि दुखणं तसंच राहतं. संध्याकाळपर्यंत सगळी हिरडी ठणकत असेल, बोलताना दात वाजत असतील, तर उभं अंतर जास्त आहे. गाल चावला जात असेल तर मागच्या वरच्या दातांची कड बाहेरून पुरेशी पुढे नाही. मळमळत असेल तर मागची कड कमी करण्याआधी कवळी मागून सैल तर नाही ना ते बघा. सैल कवळी टाळूवर हलत राहते, म्हणून उमासे येतात. अशी कवळी मागून कापली की उरलंसुरलं सीलही जातं.

पेशंटला वर्षातून एकदा बोलवा. बेस हिरडीपासून सुटलेला, पण दात आणि उभं अंतर ठीक असेल तर रीलाइन (आतून नवा थर देणं) पुरतं. दात झिजून चेहरा पुन्हा बसका दिसायला लागला असेल तर रीलाइन करून उपयोग नाही, जॉ रिलेशनपासून नवी कवळी करावी लागते.